गवयाला पैसे कोण देतो?

नववीच्या वर्गातला एक मुलगा. वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लग्नसराईत रोज, मग गणपतीत, आणि बाकीचे महिने मिळेल ते काम. एक दिवस मधल्या सुट्टीत तो मोबाईल घेऊन आला. पडद्यावर युरोपातला एक मोठा ऑर्केस्ट्रा होता. काळे कोट, चाळीस-पन्नास व्हायोलिनं, मागे एका रांगेत क्लॅरिनेटवाले. त्याने बोट ठेवून विचारलं, "सर, ह्यांना महिन्याचा पगार असतो का? का सुपारीवरच?"

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. संगीत माझा विषय नाही. पण प्रश्न इतका नेमका होता की "बघून सांगतो" म्हणालो. पोराला दोन दिवसांचा वायदा दिला होता, त्याचे दोन महिने झाले. मधल्या काळात जे वाचलं, ज्यांना विचारलं, ते इथे मांडतो. उत्तर युरोपात शोधायला निघालो आणि अर्धंअधिक उत्तर मिरज-सांगली-औंधातच सापडलं.

भाषेचा मास्तर असल्यामुळे सुरुवात शब्दांपासून करतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला जे पैसे मिळतात त्याला आपल्याकडे एक शब्द नाही, सात-आठ आहेत. दरबारातून मिळायचा तो तनखा. फारसीत 'तन' म्हणजे देह आणि 'ख्वाह' म्हणजे मागणारा. देहाला लागतं ते. मैफल झाल्यावर हातात पडते ती बिदागी. तिच्यात 'बिदा' म्हणजे निरोप आहे: घ्या आणि निघा. नाटकवाल्याची नाइट. बँडवाल्याची सुपारी. तमाशातल्या कलावंताची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आणि मग हंगामभर फेडायची रक्कम. सरकार देतं ते मानधन. संस्कृतात हा शब्द माणसासाठी होता, 'मान हेच ज्याचं धन आहे असा'. आता ज्याला पगार म्हणता येत नाही अशा पैशाला तो वापरतात. आणि 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. एवढ्या शब्दांत कलावंताच्या वाट्याला सगळ्यात कमी आलेला शब्द तोच.

आता आधी युरोपातली एक गोष्ट, मग सांगलीची. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

१७६१ साली जोसेफ हायडन नावाच्या तरुण संगीतकाराला एस्तरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याने नोकरीवर ठेवलं. त्याचा करारनामा आजही उपलब्ध आहे. वर्षाला ४०० गुल्डन पगार. अंगात घराण्याचा गणवेश, पायात पांढरे मोजे. मालकाची आज्ञा घ्यायला रोज दिवाणखान्याबाहेर हजर राहायचं. रचलेलं संगीत मालकाचं, परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. थोडक्यात, हायडन नोकर होता. मान असलेला, पण नोकर. १७७२ मध्ये मालकाचा मुक्काम लांबला आणि वादकांना बायकामुलांकडे जाता येईना. तेव्हा हायडनने अशी एक सिंफनी रचली की शेवटी एकेक वादक आपला दिवा विझवून उठून जातो. रजेचा अर्ज असा सुरात करावा लागला.

१७९० मध्ये सरदार निकोलस वारला. वारसाला संगीताचा शौक नव्हता. त्याने ऑर्केस्ट्रा मोडला. हायडनला पेन्शन मिळालं, बाकीच्यांना नारळ. १७९१ मध्ये हायडन लंडनला पोचला. तिथे लोक तिकीट काढून संगीत ऐकत होते. जन्मभर एका घराण्याची चाकरी केलेला माणूस साठीकडे झुकताना तिकिटाच्या पैशावर श्रीमंत झाला.

आता सांगली. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाला विष्णुदास भावे होते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ आप्पासाहेबांनी पाहिला आणि तसं काही मराठीत करायला भाव्यांना सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीतास्वयंवर' झालं. मराठी रंगभूमी दिन आपण याच तारखेला पाळतो. नाटक म्हणत असलो तरी त्यात गाणंच जास्त होतं. सूत्रधार पदं म्हणायचा, मागे साथ. म्हणजे ती पदरी ठेवलेली गायक-वादकांचीही मंडळी होती. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि दरबाराचा आश्रय आटला. मंडळी पोसायची कशी? भावे संच घेऊन गावोगाव निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले.

१७९० आणि १७९१. १८५१ आणि १८५३. राजा जातो, तनखा बंद होतो, कलावंत तिकिटाकडे वळतो. हंगेरीत आणि सांगलीत तेच घडलं, फक्त साठ वर्षांच्या अंतराने. इथपर्यंत दोघांची वाट एक आहे. ती पुढे कुठे फुटली, ते आपल्या भागाच्या इतिहासात नीट दिसतं.

तिकीट आलं म्हणून दरबार संपले नाहीत. आपल्या या पट्ट्यात तर हाकेच्या अंतरावर संस्थानं: सांगली, मिरज, कुरुंदवाड, इचलकरंजी, औंध, वर कोल्हापूर. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले, औंधला राजगायक झाले, मग इचलकरंजीला गेले. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात होते. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबई गाठली. गवई चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता. राजाला गाण्याचा शौक आहे का, त्याची तब्येत कशी आहे आणि वारस कोण आहे, यावर गवयाची चूल पेटायची. युरोपात देशागणिक पगार बदलतो म्हणतात. आपल्याकडे पंचवीस मैलांवर बदलायचा.

बडोद्याची गोष्ट थोडी वेगळी. सयाजीरावांनी कलावंतांचं स्वतंत्र खातं ठेवलं, नियम केले, गाण्याची शाळा काढली, शिवाय युरोपियन बँडमास्तर नेमला. संस्थानी काळात 'पगार' या शब्दाच्या सर्वांत जवळ गेलेली जागा तीच. तरी तिथली नोकरीसुद्धा टिकवणं सोपं नव्हतं. ती गोष्ट पुढे येते.

१८७२ साली दोन मुलं जन्मली. एक कुरुंदवाडला, विष्णु दिगंबर पलुसकर. दुसरा उत्तरेत कैराना गावी, अब्दुल करीम खाँ. एक कीर्तनकाराचा मुलगा, दुसरा किराण्याच्या संगीत घराण्यातला. दोघांचे रस्ते मिरजेवरून गेले आणि पैशाच्या बाबतीत दोघांना एकच धडा मिळाला.

विष्णु दिगंबरांचे डोळे लहानपणी दारूकामात अधू झाले. उपचारासाठी मिरजेला आणलं आणि तिथेच ते बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकले. मिरज दरबारचा त्यांच्यावर लोभ होता. सांगतात ते असं: गावात एक समारंभ होता. दरबारचा आश्रित म्हणून विष्णु दिगंबरांना बोलावणं आलं, पण त्यांच्या गुरूंना नाही. का, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की ते तर गवई. हे त्यांच्या जिव्हारी लागलं. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. काठियावाडात त्यांनी लोकांसाठी तिकीट लावून गाणं केलं. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या तनख्याऐवजी लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर गाणं उभं करायचा तो प्रयत्न होता. इज्जत मिळाली, आणि ती सगळ्या गवयांना मिळाली. पैशाचं गणित मात्र जमलं नाही. मुंबईतली विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. १९३१ मध्ये त्यांनी देह ठेवला तो मिरजेतच.

अब्दुल करीम खाँ तरुणपणी बडोदा दरबारात होते. सरदार माने घराण्यातल्या ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होत्या. दोघांचं प्रेम जमलं आणि १८९८ मध्ये दोघांनी बडोदा सोडलं. पुढे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच मुलं. नोकरी सुटल्यावर खाँसाहेबांनी जलसे केले, १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, जलशांच्या उत्पन्नातून शिष्य सांभाळले. मिरजेत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा बसली आणि मिरज त्यांचं घर झालं. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना गाडीत तब्येत बिघडली. सिंगपेरुमलकोईल नावाच्या लहान स्टेशनवर ते उतरले, फलाटावर अंथरूण घातलं, अल्लाचं नाव घेतलं आणि तिथेच गेले. देह मिरजेला आणला. दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. हा प्रसंग सगळे भक्तिभावाने सांगतात, मीही सांगतो. पण मास्तरचं डोकं आणखी एक गोष्ट बघतं. वय पासष्टच्या घरात, देशभर नाव, आणि तरी माणूस रेल्वेने गावोगाव हिंडतो आहे. हायडनला पेन्शन होतं.

तिसरी वाट नाटक कंपनीची. आज कुणाला पटणार नाही, पण वादकाला ठरलेला महिना मिळण्याची सोय कंपन्यांनी केली होती. राहणं, जेवण आणि पगार. १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ होते, सारंगीवर कादरबक्ष. स्वतः बालगंधर्वांनी रंगमंचावर पाऊल टाकलं ते किर्लोस्कर मंडळीतून, मिरजेत. त्यांनी साथीदारांच्या बाबतीत हात आखडता घेतला नाही आणि कंपनीवर कर्ज चढत गेलं. मग बोलपट आले आणि कंपन्या बसल्या.

थिरकवाँसाहेबांचं आयुष्य म्हणजे या सगळ्या लेखाचा सारांश आहे. आधी नाटक कंपनीचा पगार, मग रामपूर दरबारची नोकरी, मग लखनऊच्या भातखंडे महाविद्यालयात प्राध्यापकी, १९७० मध्ये पद्मभूषण. हात तेच, तबला तोच. पैसे देणारा मात्र दोनदा बदलला आणि प्रत्येक वेळी नव्याने ठरलं की हा माणूस कोण आहे: साथीदार, आश्रित की प्रोफेसर.

८ मार्च १९४८ ला सांगली, मिरज, औंध आणि दक्षिणेतली इतर संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. इथे पुन्हा शब्दाकडे बघा. विलीनीकरणाच्या करारात राजांना दरसाल ठराविक रक्कम लिहून दिली. तिचं मराठी नाव? तनखा. जो शब्द गवयाच्या पोटापाण्याचा होता तो राजाच्या नावावर चढला आणि १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने रद्द होईपर्यंत राजाला मिळत राहिला. राजाने खासगी खर्चातून पोसलेल्या गवयाला असा करार नव्हता. त्याच्याशी कुणी कधी कागदावर काही ठरवलंच नव्हतं, मग तो दाखवणार काय?

युरोपाची आणि आपली वाट इथे फुटते. तिथेही राजे गेले. पण दरबारी ऑर्केस्ट्रा पुष्कळ ठिकाणी शहराने नाहीतर राज्याने पोसायला घेतले आणि वादकांनी संघटना करून लेखी करार मिळवले. जर्मनीत आजही सरकारी पैशावर चालणारे सुमारे १२९ ऑर्केस्ट्रा आहेत. त्यांच्यासाठी एक देशव्यापी वेतन करार आहे. ऑर्केस्ट्रात वादकांच्या जागा किती, यावरून ए, बी, सी, डी असे गट पडतात आणि गटाप्रमाणे पगार. व्हिएन्नात आणखी वेगळी रीत. तिथला प्रसिद्ध फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा १८४२ पासून वादकांनी स्वतः चालवलेला आहे, पण त्याचे सभासद नोकरीला असतात सरकारी ऑपेरात. पोटाला ऑपेरा, नावाला फिलहार्मोनिक.

म्हणून सगळं युरोप म्हणजे स्वर्ग, असं मात्र समजू नका. लंडनचंच घ्या. तिथे १९०४ मध्ये एका मोठ्या ऑर्केस्ट्राच्या वादकांना सांगितलं गेलं की जास्त पैशाचं दुसरं काम मिळालं म्हणून बदली माणूस पाठवणं आता चालणार नाही. त्यावर बरेच वादक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. आजही लंडनचे बहुतेक मोठे ऑर्केस्ट्रा वादकांच्याच मालकीचे आहेत, आणि तिथे महिन्याचा पगार नसतो. वाजवलं त्या दिवसाचे पैसे. बीबीसीचे वादक मात्र पगारी. म्हणजे लंडनमधला जगप्रसिद्ध क्लॅरिनेटवाला आणि माझ्या विद्यार्थ्याचे वडील, दोघं एका अर्थी सुपारीवरच आहेत. रकमेत जमीन-अस्मानाचा फरक आहे, रीत तीच. जर्मनीतही १९९२ मध्ये १६८ ऑर्केस्ट्रा होते. दोन जर्मनी एक झाल्यावर पूर्वेकडचे कितीतरी बंद पडले नाहीतर एकमेकांत मिसळले, आणि काहींनी दार उघडं ठेवण्यासाठी कमी पगार मान्य केला. फरक एवढाच की पगार कमी करायलाही तिथे समोर बसून बोलावं लागतं, सही घ्यावी लागते.

आपल्याकडे राजाची जागा काही प्रमाणात रेडिओने घेतली. १९५२ मध्ये दिल्लीत आकाशवाणीचा वाद्यवृंद निघाला, पंडित रविशंकर त्याचे प्रमुख. १९६३ मध्ये सांगलीला केंद्र आलं आणि या भागातल्या वादकांना घराजवळ काम मिळालं. औंधच्या राजगायक अंतुबुवा जोशींचे चिरंजीव गजाननबुवा, गायक आणि व्हायोलिनवादक, तेही पुढे आकाशवाणीत गेले. बाप दरबारात, मुलगा रेडिओवर: एका घरात दोन काळ. पण रेडिओच्या 'स्टाफ आर्टिस्ट'शी करार ठरावीक मुदतीचा असे. त्याला सरकारी नोकर मानायला १९८२ उजाडलं. बाकीच्यांना ग्रेडप्रमाणे कार्यक्रमाची फी: बी, बी-हाय, ए, टॉप. जर्मनीतही ए-बी-सी आहे, पण तिथे श्रेणी ऑर्केस्ट्राची असते. आपल्याकडे ती माणसाच्या कपाळावर लावली.

मिरजेचा उल्लेख केला आणि वाद्यं करणाऱ्यांचं नाव घेतलं नाही तर मिरजेत राहणं मुश्कील. हत्यारांना धार लावणाऱ्या, तलवारी घडवणाऱ्या शिकलगारांचं हे काम. हत्यारांचा काळ सरला तसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ तंबोरे-सतारीकडे वळले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो, तो वाळवायचा, लाकूड जोडायचं, मग तार आणि शेवटी जवारी. जवारी लावणं म्हणजे तासन्‌तास कान लावून बसणं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे. पण कारागिराला पैसे नगावर मिळतात. कान लावून बसलेल्या तासांचा हिशोब कुठल्याच वहीत नाही.

यावर कुणी म्हणेल, कला काय पैशासाठी असते? मीरासाहेबांच्या उरुसात मोठमोठे गवई येतात, दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली गातात आणि बिदागी घेत नाहीत. त्याला 'हजेरी' म्हणतात. औंधला अंतुबुवांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सवही सेवाभावाने चालत आलेला आहे. पहिली नोकरी सातारा जिल्ह्यात होती तेव्हा रात्रभर तिथे बसून ऐकलं आहे. हे सगळं खरं आहे आणि ते तसंच राहावं. पण हजेरी लावायला येणारा बाकीचे दिवस कुठेतरी कमावतो, म्हणून ती हजेरी. ज्याला दुसरी कमाईच नाही त्याला फुकट वाजवायला सांगणं म्हणजे वेठ. दोन्ही शब्द फारसे लांब नाहीत, जपून वापरावे लागतात.

आज उतारवयातल्या कलावंताला राज्य सरकारचं मानधन मिळतं. आधी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीचे कलावंत असे तीन वर्ग होते. २०२४ पासून सरसकट महिना ५००० रुपये झाले. ज्याला मिळतात त्याच्या औषधाची सोय होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण हातपाय चालतात तोवर काय, हा प्रश्न उरतोच. बँडवाल्याची सुपारी तोंडी असते. पाऊस आला, लग्न मोडलं, नवरदेवाकडच्यांनी डीजे लावला, की ॲडव्हान्सवर समाधान मानायचं.

शेवटी त्या मुलाला मी सांगितलं ते असं. होय, त्यातल्या पुष्कळांना पगार असतो, काहींना नसतो. ज्यांना असतो त्यांना तो कुणी राजाने खूश होऊन दिलेला नाही. त्यांनी एकत्र बसून लिहून घेतलेला आहे. त्याने विचारलं, "म्हणजे काय लिहून घ्यायचं?" मग आम्ही निबंधाच्या वहीचं मागचं पान काढलं. तारीख. वेळ, कितीपासून कितीपर्यंत. माणसं किती. आगाऊ किती, नंतर किती. रद्द झालं तर किती. जेवण आणि गाडीभाडं कुणाकडे. खाली दोन सह्या. आठ ओळी झाल्या. मराठीच्या पेपरात पत्रलेखन असतं, त्यातच बसतं.

पुढच्या आठवड्यात त्याने सांगितलं की वडिलांनी कागद वाचला, हसले, घडी करून क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवला. अजून कुणाकडून सही घेतलेली नाही. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. मी वाट बघतो आहे.